लेफ्टनंटचा प्रश्न आणि बाबांचा ‘हाय’

आमच्या गावच्या ग्रामपंचायतीने माझ्या वडिलांचे नाव दगडावरून वगळले, हे मला ग्रामपंचायतीने कळवले नाही. कळवले ते दगड घडवणाऱ्या कारागिराने, शिळफाट्यावरच्या चहाच्या टपरीवर, बशीत फुंकर मारता मारता. दुसऱ्या महायुद्धात लढायला गेलेल्या गावच्या माणसांचा स्मृतिफलक शाळेसमोर उभा राहणार होता आणि नावे कोरण्याचे काम त्याच्याकडे होते.

“तुमच्या बाबांचं नाव थांबवलंय, वकीलसाहेब. हरकत आलीय म्हणतात.”

हरकत! मी उभी हयात कर्जतच्या न्यायालयात दिवाणी दावे चालवण्यात घालवली. विहिरीच्या पाळीवरून भांडणाऱ्या सख्ख्या भावांनासुद्धा मी एकमेकांना रीतसर नोटीस द्यायला लावली. आणि माझ्या मृत वडिलांविरुद्ध हरकत दाखल होते, ती मान्य होते, ठराव होतो, आणि मला एका ओळीचे पत्र नाही! चहा तसाच टाकून मी घरी आलो आणि लिहायला बसलो. ग्रामसेवकांना पत्र, गटविकास अधिकाऱ्यांना पत्र, तहसीलदारांना पत्र, माहितीच्या अधिकारात अर्ज, आणि प्रत्येकाच्या प्रती इतर सर्वांना. सून म्हणाली, “बाबा, एकच पत्र लिहून सगळ्यांना दिलं असतं तर?” मी तिला सांगितले, की प्रत्येक कार्यालयाची जबाबदारी वेगळी असते, म्हणून प्रत्येकावरचा रागही वेगळा लिहावा लागतो.

हरकतदार कोण, हे कळल्यावर मात्र मला आश्चर्य वाटले नाही. शिळफाट्यावर ज्यांचे टायरचे दुकान आहे ते शेठ. माझ्याच वयाचे, माझ्याच गावचे. त्यांचे पूर्वज कधीकाळी किनाऱ्यावरून व्यापारासाठी वर आले आणि कळंबच्या पलीकडे आमच्या गावात स्थिरावले. त्यांचे अब्बा आणि माझे बाबा एकाच दिवशी, एकाच बैलगाडीतून गाव सोडून पलटणीत भरती व्हायला गेले होते. परत आले ते वेगवेगळे, आणि त्यानंतर मरेपर्यंत एकमेकांशी बोलले नाहीत. हरकतीत शेठनी लिहिले होते, की कैदेत असताना एकाने दुसऱ्याला जपान्यांच्या हवाली केले. सबब या दोघांची नावे एका दगडावर नकोत.

हा आरोप काही नवा नव्हता. गावात आमच्या घराला ‘जपान्याचं घर’ म्हणत. विटीदांडूत मी डाव जिंकलो की पोरे ओरडत, “जपान्या फितूर झाला रं!” अब्बा लंगडत चालत, बाबा ताठ चालत. लंगडा पाय हा पुरावा ठरला आणि बाबांचे बोलणे हा केवळ बचाव. गावाने खटला चालवला तो एवढाच.

आता त्या जपानी लेफ्टनंटविषयी सांगितलेच पाहिजे, कारण सगळे प्रकरण त्याच्या एका प्रश्नापाशी येऊन थांबते.

बाबा त्याच्याविषयी बोलत ते भाताच्या पेंढ्या बांधताना. हात कामात असले की त्यांची जीभ सैल होई. हा लेफ्टनंट मुळात शाळेत गणित शिकवणारा. सैन्यात ओढला गेला, चीनमध्ये लढला, आणि तिथून त्याची तुकडी मलायाच्या उत्तर किनाऱ्यावर उतरली. उतरली आणि दक्षिणेकडे निघाली ती सायकलींवर! बाबांची पलटण रबराच्या मळ्यात दबा धरून बसली होती. संध्याकाळी रस्त्यावरून लोखंड घासल्याचा असा काही खडखडाट येऊ लागला, की सगळ्यांनी मानले, रणगाडे आले. माघारीचा हुकूम सुटला. प्रत्यक्षात उन्हाने सायकलींचे टायर फुटले होते आणि ते लोक नुसत्या रिमांवर सायकली हाणत येत होते.

“रणगाडे समजून आमी पळालो रं,” बाबा सांगत, “आनि मागनं घंटी वाजवत आल्या सायकली!” हे सांगताना त्यांना हसण्याने ठसका लागे. पराभवाची हकिगत एवढ्या आनंदाने सांगणारा दुसरा शिपाई मी पाहिला नाही.

त्या सायकलवाल्यांचा म्होरक्या म्हणजे आमचा लेफ्टनंट. अंगाने किरकोळ, चष्मा जाड, तलवार त्याच्या उंचीला लांब. बाबा आणि अब्बा त्याच्या हाती लागले. पकडलेल्यांना त्याने ओळीत उभे केले आणि हवेत बोट नाचवत स्वतः मोजले. मग पुन्हा उलट्या टोकाकडून मोजले. “मास्तर व्हता ना, ताळा केल्याबिगर सोडायचा नाय,” बाबा म्हणत. सिंगापूर पडल्यावर कैद्यांच्या टोळ्या करून पूर्वेकडच्या एका बेटावर विमानतळ बांधायला नेल्या, त्यांतल्या एका टोळीवर हाच लेफ्टनंट. बाबा टोळीचे मुकादम. अब्बा जपान्यांच्या मुदपाकखान्यात, कारण त्यांना स्वयंपाक येई. आणि तिथे राहून ते जपानी बोलायलाही शिकले. लेफ्टनंटच्या आयुष्यातल्या या गोष्टी बाबांना कळल्या त्या अब्बांकडूनच, जेव्हा दोघे एका ताटात जेवत होते तेव्हा.

बाबांना जपानी आले नाही. त्यांचा एक लाडका विनोद होता: “जपान्यांनी ‘हाय’ आपल्याकडनंच उचलला. साहेबानं काय पन सांगितलं की त्यांचा शिपाई म्हनायचा हाय! आमाला शिकायची गरजच नाय पडली.”

पुढे दोस्त राष्ट्रांच्या नाकेबंदीने समुद्र बंद झाला. रसद येईना. विमानतळ राहिला बाजूला आणि कैदी व पहारेकरी मिळून रताळी लावू लागले. लेफ्टनंटने नकाशांच्या चामडी पिशवीतले नकाशे काढून टाकले आणि तिच्यात बियाणे ठेवले. त्याने स्वतः कुदळ धरली. पण सकाळची मोजणी चुकली नाही. माणसे भुकेने मरत होती आणि हा चष्मा पुसून दोन्ही टोकांकडून मोजत होता!

अशाच एका सकाळी ओळीत एक जागा रिकामी होती. अब्बा तापाने फणफणून झोपडीत पडले होते. त्या रिकाम्या जागेकडे बोट करून लेफ्टनंटने बाबांना काहीतरी विचारले. बाबांनी उत्तर दिले. लेफ्टनंटने टोळीला जागेवर उभे ठेवून रान धुंडाळायला माणसे सोडली. शेवटी अब्बा झोपडीतच सापडले. त्यांना ओढत बाहेर आणून लेफ्टनंटने सगळ्यांसमोर दांडक्याने मारले. पाय मोडला तो तेव्हा.

युद्ध संपल्यावर लेफ्टनंटने तलवार खाली ठेवली आणि जेत्यांच्या लष्करी न्यायालयात त्याच्यावर कैद्यांना मारहाण केल्याचा खटला उभा राहिला. त्याचे म्हणणे असे: मुकादमाने स्वतः सांगितले, की तो माणूस गैरहजर आहे, म्हणून मी तो पळाला असे धरले. अब्बांची साक्ष अशी: मी आत पडून ऐकत होतो, मुकादमाने खरोखरच तसे सांगितले. मग बाबांना पिंजऱ्यात उभे केले. दुभाषी उत्तरेकडचा. बाबा आपल्या छावणीतल्या हिंदुस्थानीत म्हणाले, “मैं हाय बोला, साब.” बस! ‘हाय’ म्हणजे जपानीत होकार, एवढे तोवर सगळ्या न्यायालयाला ठाऊक झाले होते. साक्षीदाराने होकार दिल्याचे मान्य केले, अशी नोंद झाली आणि बाबांना खाली उतरवले. लेफ्टनंटला तुरुंगवास झाला.

बाबांना दोन गोष्टी मरेपर्यंत उलगडल्या नाहीत. एक, ते पिंजऱ्यातून उतरत असताना त्या लेफ्टनंटने त्यांच्याकडे पाहून कमरेत वाकून मान का झुकवली. दुसरी, जी ते मला पुन्हा पुन्हा सांगत: “तो खोटं बोलत नव्हता. त्याचं तोंड मी बघितलंय. पन मी पन खोटं नाय बोललो रं.”

दोन परस्परविरुद्ध विधाने, आणि दोन्ही खरी! वकिली सुरू केल्यावर हे मला असह्य झाले. दोघांपैकी एक खोटा असलाच पाहिजे. बाबा खोटे नाहीत. सबब लेफ्टनंट खोटा. हे मी प्रत्येक पत्रात ठामपणे लिहीत आलो. ‘माझ्या वडिलांनी “तो झोपडीत आहे” असेच उत्तर दिले होते, सदर जपानी अधिकाऱ्याने आपल्या बचावासाठी ते फिरवले.’ शाळेत गुरुजींनी हातावर छडी मारून माझा ‘हाय’ काढून टाकला होता आणि त्या जागी ‘आहे’ बसवला होता. तो इतका पक्का बसला, की बाबांची साक्षसुद्धा मी शुद्ध करून लिहिली. त्या गुरुजींवर मी आजही संतापलेला आहे.

असो. फलकाचे अपील प्रलंबित असतानाच मोहोपाड्याला एका कारखान्याच्या विस्ताराची जनसुनावणी निघाली. माझी मुलगी तिथे कॉलनीत राहते, म्हणून मी हरकतींचा जाड गठ्ठा घेऊन गेलो. मंचावर अधिकारी, कारखान्याचे लोक, आणि नवी यंत्रे बसवायला आलेले एक जपानी अभियंते, साठीच्या आसपासचे, शेजारी पुण्याला जपानी शिकलेली दुभाषी मुलगी. सांडपाण्याच्या टाकीविषयी कारखान्याचे साहेब पडद्यावर आकृत्या दाखवत होते. ते लांबत चालल्यावर बायकांच्या बाजूने एक बाई ताडकन उठल्या.

“साहेब, चित्रं नका दाखवू. टाकी हाय का नाय? हाय तर हाय बोला, नाय तर नाय बोला!”

जपानी अभियंत्यांनी चमकून मान वर केली. त्यांच्या चेहऱ्यावर असा उजेड पडला, की जणू परमुलखात कोणी घरच्या नावाने हाक मारली. ते अर्धवट उठले, बाईंकडे पाहून लवले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, “हाय!”

मांडव हशाने फुटायचा राहिला. बाई मागे वळून म्हणाल्या, “बघा गं! त्या साहेबाला आपली भाषा येतेय, आनि ह्या आपल्या साहेबांना येत नाय!”

दुभाषी हसू आवरत माइकवर म्हणाली, की पाहुणे विचारतात, या बाई जपानी कुठे शिकल्या? कारण त्यांच्या भाषेतही हो म्हणायला ‘हाय’, नाही म्हणायला ‘नाय’, आणि प्रश्नाच्या शेवटी ‘का’ असतो.

प्रश्नाच्या शेवटी ‘का’! माझ्या मांडीवरचा गठ्ठा घसरून खाली पडला. ‘हाय’ मला लहानपणापासून ठाऊक होता. ‘नाय’ आणि ‘का’ मला कोणी सांगितलेच नव्हते! माझे नाव पुकारले गेले तेव्हा मी माइकपाशी पोहोचलो तो मोकळ्या हातांनी.

“मला दुभाषी बाईंना एक प्रश्न विचारायचा आहे,” मी म्हणालो. “ओळीतला एक माणूस दिसत नाही. अधिकारी विचारतो, तो नाही का? हे जपानीत कसे विचारील?”

“वकीलसाहेब, कृपया मुद्द्यावर बोला,” अध्यक्ष म्हणाले.

“अहो, मी आयुष्यात पहिल्यांदाच मुद्द्यावर बोलतो आहे!”

दुभाषी मुलीने अभियंत्यांकडे पाहिले आणि ती म्हणाली, “इनाय का?”

“पुन्हा म्हणा.”

“इनाय का?”

“आणि माणूस खरोखरच नसेल, तर उत्तर काय द्यायचे?”

“हाय.”

“नसेल तर हाय?”

“हो, काका. जपानीत समोरच्याचं म्हणणं बरोबर असेल तर हाय म्हणतात. तो नाही ना? हाय, बरोबर, नाही. आणि माणूस असेल, तर आधी नकार द्यायचा आणि मग आहे म्हणून सांगायचं.”

मी माइकचा दांडा घट्ट धरला. लेफ्टनंटने विचारले, “इनाय का?” बाबांच्या कानांवर पडले, “नाय का?” आमच्या गावात कोणी विचारले, अमका नाय का, आणि तो घरात असेल, तर आम्ही काय म्हणतो? हाय! बाबांनी सांगितले, आहे. लेफ्टनंटने ऐकले, बरोबर, नाही. एकच प्रश्न, एकच उत्तर, फार तर एका ‘इ’चा फरक, आणि अर्थ संपूर्ण उलटा! एकही साक्षीदार खोटा नाही! मी त्या मांडवात, सर्व अधिकाऱ्यांसमक्ष, मोठ्याने ओरडलो, “बाबा, निकाल लागला!” माझ्या मुलीने मला हाताला धरून खाली बसवले. टाकीविषयीची हरकत तोंडी मांडायची राहून गेली. ती मी नंतर लेखी पाठवली.

मोहोपाड्याहून मी टेंपोत बसून थेट शिळफाट्याला, शेठच्या दुकानात आलो. शेठ ट्रकच्या टायरवर हात ठेवून गिऱ्हाइकाशी वाद घालत होते.

“या वकीलसाहेब. आज कुनाला नोटीस?”

मी सगळे एका दमात सांगितले. शेठनी शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाले, “दुभाषी तुमची, जपानी साहेब तुमचा, प्रश्न पन तुमचा. मंग निकाल पन तुमीच लिहून आना की. मी अंगठा देतो.”

“शेठ, हा विनोदाचा विषय नाही.”

“माझा बाप जन्मभर लंगडला, वकील. मी इनोद कशाला करू?” त्यांचा आवाज खाली आला. “त्या साहेबाला हितं आना. माझ्या दुकानात. काय इचारायचं ते मला आधी सांगायचं नाय. मला पटलं तर पटलं.”

यापेक्षा न्याय्य अट मीसुद्धा घातली नसती.

रविवारी अभियंते आणि दुभाषी आले. वाटेत मी त्यांना एवढीच विनंती केली होती, की दुकानात जो माणूस दिसायला हवा आणि दिसत नाही, त्याच्याविषयी मोजणी करणाऱ्या अधिकाऱ्यासारखे विचारा. दुकानाच्या गल्ल्यावर शेठचा मेहुणा बसतो आणि जेवण झाले की मागच्या खोलीत आडवा होतो, हे सगळ्या शिळफाट्याला ठाऊक आहे. खुर्ची रिकामी होती. अभियंत्यांनी पाठ ताठ केली, त्या खुर्चीकडे बोट केले आणि शेठच्या डोळ्यांत पाहून विचारले, “इनाय का?”

“हाय ना!” शेठ क्षणाचाही विचार न करता म्हणाले. “हाय की. मागं झोपलाय.”

अभियंत्यांनी मान डोलावली आणि दुभाषीला काही सांगितले. ती म्हणाली, “ते म्हणतात, बरं, म्हणजे ते गृहस्थ इथे नाहीत.”

“आवो नाय नाय! हाय!”

अभियंत्यांनी आणखी जोरात मान डोलावली. “ते म्हणतात, समजलं. नाहीत, नाहीत, अगदी बरोबर.”

“आरं देवा! सांगा ना त्यांना, हाय म्हनून! हाय! हाय!” शेठ हातवारे करत ओरडले, आणि प्रत्येक ‘हाय’बरोबर तो सज्जन माणूस अधिकाधिक विनयाने वाकून मान्य करत गेला, की खुर्चीवरचा माणूस बेपत्ता आहे. आवाजाने मेहुणा लुंगी सावरत बाहेर आला. “काय झालं? कोन मेलं?”

त्याला पाहून अभियंते दचकले. आणि शेठ टायरच्या चळतीवर हळूहळू खाली बसले.

रस्त्यावरून पुण्याकडचे ट्रक जात होते.

“पन अब्बांना जपानी येत व्हती, वकील,” शेठ अखेर म्हणाले. “ते चुकीचं नाय ऐकनार.”

“त्यांनी चुकीचे ऐकलेच नाही. त्यांनी जपानीत ऐकले, आणि जपानीत ते बरोबरच होते. बोलणारा मात्र जपानीत बोलत नव्हता. माझ्या बाबांना जपानी येत नव्हती म्हणून ते आपल्या गावचे बोलले, आणि तुमच्या अब्बांना येत होती म्हणून त्यांना ते गावचे वाटले नाही.”

“म्हंजे माझा बाप खरा.”

“खरा.”

“तुमचा पन खरा.”

“होय. आणि तो लेफ्टनंटसुद्धा!” माझा आवाज वाढला होता, मेहुण्याने शेजारच्या दुकानदाराला ‘काय नाय, काय नाय’ अशी खूण केली. “म्हणूनच त्याने बाबांपुढे मान झुकवली, शेठ! त्याला वाटले, हा कैदी शत्रूच्या न्यायालयात आपल्या बाजूने खरे बोलला. बाबांना वाटत राहिले, हा आपली थट्टा करतो आहे की क्षमा मागतो आहे. तो त्यांचे आभार मानत होता!”

दुभाषी हे सर्व हळू आवाजात अभियंत्यांना सांगत होती. ते चष्मा काढून पुसू लागले आणि मला उगाच वाटले, आता हे दोन्ही टोकांकडून मोजणार.

शेठनी पाणी मागवले, पाहुण्यांना दिले, स्वतः प्यायले. मग जे बोलले ते मी आजवर ऐकले नव्हते. लेफ्टनंटच्या हकिगतीचा अर्धा भाग आमच्या घरी होता; अर्धा इतकी वर्षे या टायरच्या दुकानात पडून होता.

“पळालेल्या कैद्याला मारून टाकायचा हुकूम व्हता वरचा. अब्बा सांगायचे, वरचा साहेब त्याच दिवशी छावनीवर येनार व्हता. तो यायच्या आदी ह्यानं अब्बांना सगळ्यांसमोर मारलं. वरचा साहेब आल्यावर सांगितलं, माझा मानूस हजर हाय, शिक्षा देऊन झाली. एकदाच बोलले अब्बा, मरायच्या आदी. म्हनाले, त्यानं पाय मोडला, पन मान ठेवली.”

“हे त्यांनी न्यायालयात का सांगितले नाही?”

“कुनी इचारलं नाय.”

कुणी विचारले नाही! बाबांनासुद्धा पुढचा एक प्रश्न कुणी विचारला नव्हता: ‘हाय म्हणजे तुझ्या भाषेत काय?’ एवढा एक प्रश्न! माझ्या हातात त्या वेळी कागद असता तर मी तिथेच त्या न्यायालयाला पत्र लिहिले असते. शांत झाल्यावर मी शेठना माझे मत सांगितले आणि ते आजही कायम आहे. आजारी माणसाला दांडक्याने मारणे हा गुन्हा आहे. तो त्या लेफ्टनंटने केला आणि त्याची शिक्षा त्याला व्हायलाच हवी होती. मान वाचवण्यासाठी मारले, हे खरे असेल तर ती शिक्षा सौम्य करण्याची बाब आहे, निर्दोष सोडण्याची नव्हे. परंतु खोटे बोलल्याचा जो आरोप मी स्वतः त्याच्यावर इतकी वर्षे पत्रांतून करत आलो, तो मी बिनशर्त मागे घेतला. त्याच्या वारसांना कळवायची माझी फार इच्छा आहे. पण बाबा त्याचे जे नाव घेत ते कर्जतच्या मातीत इतके मुरले होते, की अभियंत्यांनी ते माझ्याकडून तीनतीनदा म्हणवून घेतले आणि नम्रपणे सांगितले, असे नाव जपानात नसावे.

“आता अर्ज लिहा,” शेठ म्हणाले.

“कसला?”

“हरकत मागं घेतो. तुमचं अक्षर चांगलं हाय, तुमी लिहा. सही मी करतो.”

विरुद्ध पक्षाचा अर्ज स्वतःच्या हाताने लिहिणे वकिलीच्या शिस्तीत बसत नाही. तरीही मी गल्ल्यावरच्या खुर्चीत बसलो आणि लिहिला. वाचून दाखवताना मी म्हणालो, “सदर मुकादमाने ‘आहे’ असे उत्तर दिल्यामुळे…”

“थांबा, थांबा. काय उत्तर दिल्यामुळं?”

“आहे.”

“असं कुठं बोलले ते? ते बोलले ते लिहा.”

मी ‘आहे’ खोडले आणि वर ‘हाय’ लिहिले. न्यायालयीन मराठीत तो शब्द मी पहिल्यांदा लिहिला, आणि हात छडीच्या आठवणीने किंचित मागे आला खरा, पण लिहिला.

फलकाच्या अनावरणाला सगळा गाव लोटला. माझ्या असंख्य पत्रांतली एकच सूचना ग्रामपंचायतीने मान्य केली होती: प्रत्येक नाव मोठ्याने वाचावे आणि त्या घरातल्या कोणीतरी उभे राहून ‘हजर’ म्हणावे. दगडावर ‘स्मृति’ ऱ्हस्व कोरले आहे की दीर्घ, हे मी जवळ जाऊन पाहिले. चुकले होते. त्याविषयी पत्र तयार आहे. पण त्याच्या खाली, अब्बांच्या नावाला लागून, बाबांचे नाव होते, आणि कोरीव अक्षरांत दगडाची ताजी पांढरी भुकटी अजून अडकलेली होती. ती मी बोटाने काढायला गेलो आणि मग राहू दिली.

सरपंचबाई वाचू लागल्या. एकेक नाव, एकेक ‘हजर’. अब्बांचे नाव आले, तेव्हा शेठ माझ्या मागून कडक आवाजात ‘हजर’ म्हणाले. नंतर बाबांचे नाव आले. मी उभा होतोच. तोंड उघडले, पण आवाज फुटेना. आयुष्यभर न्यायालये दणाणून सोडणारा माणूस मी, आणि एक शब्द बाहेर पडेना! सरपंचबाईंनी कागदावरून नजर उचलून गर्दीवर फिरवली. त्यांना मी दिसलो नाही.

“ह्या घरचं कुनी आलं नाय का?”

माझ्या खांद्यावर मागून एक जड, रबराचा वास येणारा हात पडला.

“हाय!” शेठ ओरडले. “हाय की! दोघं पन हायत!”